शफरीची बाजू

संस्कृत सुभाषितकारांनी ज्यांच्यावर अन्याय केला, त्यांत शफरीचा क्रम बराच वरचा लागेल. अथांग पाण्यात फिरणारा रोहित मासा गर्व करीत नाही, आणि ही चिमुरडी मात्र चूळभर पाण्यात फडफडते, हा तिच्यावरचा आरोप! आम्ही मास्तर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तो वर्गात सांगत आलो. आरोपीची बाजू ऐकायला कोणी थांबले नाही. कालिदास तेवढा रसिक निघाला. मेघदूतातली गंभीरा नदी मेघाकडे कटाक्ष टाकते, ते या माशांच्या उसळ्यांचे. आणि भागवतात सत्यव्रत राजाच्या ओंजळीत भगवान आले, ते शफरीच्याच रूपाने, रोहिताच्या नव्हे.

दिवाळीच्या सुमारास पवनारला धामेचे पाणी निवळते. धामेपलीकडे म्हणून विनोबांनी ज्याला परंधाम म्हटले, त्या आश्रमाच्या पायथ्याशी खडकांवर बसावे. गुडघाभर पाण्यात बोटभर माशांचा थवा दिसतो. पाठ मळकट, पोट चांदीचे, कुशीवरून एक काळी रेघ. शास्त्रज्ञ या जातकुळीला रासबोरा म्हणतात. तिच्यातल्या एका माशाला फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली 'डॅनिकोनियस' हे नाव दिले. हे लॅटिन कसले, तिथले बंगाली नावच ते, शेपटाला लॅटिन प्रत्यय लावून बसवलेले!

खडा टाका, सारा थवा एकदम वळतो. पुढारी कोणी नसतो. प्रत्येक मासा शेजाऱ्याकडे डोळ्याने पाहतो, आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्याचा हेलकावा ओळखतो. तेवढ्यावर सगळी सभा चालते. (आमच्या स्टाफरूमला हे अजून साधलेले नाही.) याहून विलक्षण गोष्ट कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली प्रसिद्ध केली. हे तेच फ्रिश, ज्यांना पुढे १९७३ साली मधमाश्यांच्या भाषेच्या अभ्यासाबद्दल नोबेल मिळाले. मिनो नावाच्या छोट्या माशाची कातडी फाटली, की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याचा वास येताच बाकीचे मासे पळ काढतात. आपले हे मासेही त्याच गोतातले. जखमी झालेला स्वतः वाचेलच असे नाही. पण त्याच्या जखमेने थवा सावध होतो. चूळभर पाण्यातल्या फडफडीला गर्व म्हणणाऱ्याने हे पाहायला हवे होते.

हे वकीलपत्र मी उगाच घेतलेले नाही. यंदा आमच्या वसाहतीत डेंग्यूने चार घरांत खाट धरायला लावली. सभा भरली, आणि मागच्या नाल्यात गप्पी मासे सोडावेत असे ठरू लागले. हा नाला पुढे धामेला मिळतो. गप्पी म्हणजे गप्पा मारणारा नव्हे. त्रिनिदादहून त्याचे नमुने धाडणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांचे ते आडनाव. हौदात, टाक्यांत तो डासांच्या अळ्या खातो, हे खरे. पण तो अंडी घालीत नाही, जिवंत पिले देतो. आणि एकदा समागम झालेली एकटी मादी पुढे कितीतरी वेळा वितेल. नदीत शिरलेला हा पाहुणा परत बोलावता येत नाही. अळ्या तर आपली रासबोराही खाते, आणि ती इथलीच आहे.

मी म्हटले, हौदांत खुशाल सोडा, नाल्यात नको. नाला उपसून वाहता करा. वाद बराच झाला. डेंग्यूतून उठलेल्या मुलाच्या आईने विचारले, "सर, मासा मोठा की माणूस?" प्रश्न रास्त होता. तिच्याच अंगणातली उघडी टाकी आम्ही त्या संध्याकाळी घासली. तिच्यात अळ्या वळवळत होत्या. नाल्यापेक्षा या डासाला असले साठवलेले पाणीच अधिक मानवते. नाल्याचा प्रस्ताव मग मागे पडला.

ठराव लिहिताना चिटणीसांनी विचारले, "तुमच्या माशाचं नाव काय घालू?" बाजारात हे मासे वाट्यावर मिळतात आणि सगळ्यांचे मिळून नाव एकच, 'बारीक मासे'. मी 'शफरी' सांगितले. कार्यवृत्तात 'सफारी' असे उमटले आहे.