‘नको’ म्हणणारा सोबती

शाळेच्या वार्षिकासाठीं एखादें प्रवासवर्णन लिहून पाठवावें, अशी संपादकांची आज्ञा आली, तेव्हां प्रथम आनंद झाला. परंतु लिहावयास बसतांच मनाचा कल निराळीकडे वळला. अमेरिकेच्या युटा व ॲरिझोना या संस्थानांतील लाल खडकांच्या मुलखाचीं चित्रें आज प्रत्येकाच्या खिशांतल्या मोबाइलवर दिसतात. त्यांत माझ्या लेखणीनें भर ती काय पडणार! म्हणून वर्णन बेताचें करून, त्या प्रवासांत मला जी एक गोष्ट पटली ती विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. सहलीस निघणाऱ्या मंडळींत ‘नको’ म्हणणारा एक तरी असावा, आणि त्याचा शब्द, पटो वा न पटो, बाकीच्यांनीं मोडूं नये, असें माझें मत आहे.

आम्ही चौघे बाळपणचे मित्र. कांहीं वर्षांपूर्वीं ऑगस्ट महिन्यांत लास व्हेगासहून भाड्याची मोटार घेऊन आम्ही निघालों. पहिला मुक्काम झायनच्या दरींत पडला. आपला सह्याद्रि म्हणजे थिजलेल्या लाव्हारसाचा काळा पाषाण. येथें मात्र एका प्राचीन वाळवंटांतील वाळूच्या टेकड्याच दगड होऊन उभ्या राहिल्या आहेत. वाऱ्यानें त्या वाळूवर ओढलेल्या तिरप्या रेघा अजून कड्यांवर स्पष्ट दिसतात. या दरींतून पूर्वेस जाणारा रस्ता १९३० सालीं पुरा झालेल्या, मैलाहून अधिक लांबीच्या बोगद्यांतून जातो. बोगद्याच्या भिंतीस मधून मधून खिडक्या कोरल्या आहेत. अंधारांतून जातांना त्यांतून लाल कड्यांची क्षणभर झलक दिसते आणि नाहींशी होते. पुढें ब्राइसच्या कड्यावरून खालीं पाहिलें तों नारिंगी दगडांचे हजारों खांब एखाद्या जत्रेंतील गर्दीसारखे दाटीनें उभे! फटींत शिरलेलें पाणी रात्रीं गोठतें, फुगतें व खडक फोडतें. ही सारी कारागिरी त्याचीच.

किंबहुना या कोरड्या मुलखांत जें जें पाहावें तें तें पाण्यानेंच घडविलेलें आहे, ही मोठी नवलाची गोष्ट होय. वाळवंटांत मनुष्य तहानेनें मरेल, पण बुडून कसा मरेल, असें आम्हांसही वाटत असे. परंतु तेथें माती थोडी, झाडोरा विरळ आणि जमीन बहुतेक उघडा खडक. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दुपारच्या वेळीं वळीव कोसळतो. तें पाणी मुरावयास जागा नसल्यामुळें तें सारें ओघळांत व ओघळांतून अरुंद घळयांत धांवतें. या घळया कित्येक ठिकाणीं माणसाच्या खांद्यांइतक्याच रुंद असतात, आणि दोहों बाजूंच्या भिंती गुळगुळीत. पाऊस दहा मैलांवर पडलेला असतो. घळईंत उभ्या असलेल्या मनुष्याच्या डोक्यावर निळें आकाश असतें. आणि चिखल, दगड व झाडांचे ओंडके घेऊन लोंढा वळणावरून एकदम पुढें येतो.

चौथ्या दिवशीं आम्ही एस्कलांटे गांवाजवळून निघणाऱ्या ‘होल-इन-द-रॉक’ नांवाच्या कच्च्या रस्त्यानें गेलों. या रस्त्यावर सुमारें २६ मैलांनंतर ‘स्पूकी’ म्हणजे भुताटकीची या नांवाची घळई आहे. कांहीं जागीं ती वीतभरापेक्षां फारशी रुंद नाहीं. तिच्यासाठींच सारा बेत आंखला होता. मोटारीच्या हादऱ्यांनीं हाडें खिळखिळीं झालीं, दांतांत धूळ बसली, आणि दुपारीं एकच्या सुमारास आम्ही तेथें पोहोंचलों. पाण्याच्या बाटल्या पिशव्यांत भरल्या. इतक्यांत आमच्यापैकीं जो सर्वांत कमी बोलणारा, तो नैर्ऋत्येकडील लांबच लांब कड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “नको. परत फिरूं या.”

कड्यांच्या माथ्यावर मुठीएवढा एक काळसर ढग होता. आम्ही तिघे हंसलों. “अरे, डोक्यावर ढगाचा ठिपका नाहीं, आणि तूं भितोस कसला?” “इतके मैल काय रस्ता पाहावयास आलों?” “तूं बैस मोटारींत, आम्ही तासाभरांत येतों.” त्यानें वाद घातला नाहीं. मोटारीची किल्ली त्याच्याजवळ होती. ती त्यानें खिशांत घातली व मोटारीच्या सांवलींत बसला. “तुम्ही आंत गेलां तर मी येथें बसून काय करूं तें सांगा,” एवढेंच तो म्हणाला. या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तेथें फोन लागत नव्हता. मदत मागावयास जायचें तर तीच खडबडीत वाट. अर्धा तास आम्ही नाना तऱ्हेनें त्याची समजूत घातली, टोमणे मारले, आणि शेवटीं तोंडें फुगवून परत फिरलों.

आतां वाचकांस वाटेल, कीं मागाहून लोंढा आला व आमचे प्राण वांचले. तसें कांहीं एक झालें नाहीं. त्या दिवशीं घळईंत पाणी आलें कीं नाहीं हें आम्हांस कधींच कळलें नाहीं. तो ढग बहुधा तसाच विरून गेला असावा. संध्याकाळीं जेवतांना आम्ही त्यास ‘हवामानशास्त्री’ ही पदवी बहाल केली, ती त्यानें निमूटपणें घेतली. माझें म्हणणें येथेंच आहे. जो ‘चला’ म्हणतो त्याचें म्हणणें नव्याण्णव वेळां खरें ठरतें व त्याची वाहवा होते. जो ‘नको’ म्हणतो त्याच्या बाजूनें पुरावा उभाच राहात नाहीं. कारण त्याचें ऐकिलें तर कांहींच घडत नाहीं, आणि न घडलेल्या गोष्टीचे आभार कोण मानतो?

दोन दिवसांनीं पेज या गांवाजवळ नावाहो लोकांच्या प्रदेशांतील ॲंटिलोप घळई पाहिली. (घड्याळाची गंमत येथें सांगितली पाहिजे. उन्हाळ्यांत युटांतील घड्याळें तासभर पुढें करितात, नावाहो प्रदेशांतीलही करितात, ॲरिझोनांतील मात्र करीत नाहींत. त्यामुळें आम्ही नेमलेल्या वेळेच्या तासभर आधीं जाऊन उन्हांत भाजत बसलों.) नावाहो वाटाड्याशिवाय येथें कोणासही आंत सोडीत नाहींत. आंत शिरल्यावर भिंतींवरील रंग पाहून आम्ही मुग्ध झालों. वाटाड्यानें मात्र आम्हांस वर पाहावयास सांगितलें. आमच्या डोक्यावर, दोन भिंतींच्या मध्यें, झाडाचा एक जाड ओंडका आडवा अडकून राहिला होता. तो तेथें कोणी नेऊन ठेविला असेल, हें विचारण्याची गरज पडली नाहीं. घळईच्या या वरच्या भागास नावाहो भाषेंत जें नांव आहे, त्याचा अर्थच मुळीं ‘जेथें खडकांतून पाणी वाहतें ती जागा’ असा आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं याच घळईच्या खालच्या भागांत ११ प्रवासी वाहून गेले. पाऊस कांहीं मैल दूर पडला होता. तसेंच झायनमध्यें १४ सप्टेंबर २०१५ रोजीं ‘कीहोल’ घळईंत उतरलेले सातही जण पुरांत दगावले. त्या दिवशीं पुराचा संभव असल्याची सूचना देण्यांत आली होती. तीं माणसें मूर्ख होतीं असें मी मुळींच म्हणत नाहीं. आम्ही तिघेही तींच होतों. आमच्यांत आणि त्यांच्यांत एका किल्लीचें अंतर होतें.

चांगलीं, शहाणीं माणसें अशा वेळीं पुढें कां जातात? पैसे खर्च झालेले असतात, दूर आलेलों असतों, पुन्हां येणें होईल असें वाटत नाहीं. आणि सर्वांत मोठें कारण हें, कीं मित्रांपुढें भित्रा ठरणें हें मरणाहूनही कठीण वाटतें. चौघांपैकीं दोघांच्या मनांत शंका असते, पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून गप्प बसतो.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. १८६९ सालीं जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा गृहस्थ नऊ सोबत्यांसह चार नावा घेऊन कोलोरॅडो नदीच्या शोधास निघाला. जवळजवळ तीन महिन्यांनंतर, शिधा संपत आला असतां, २८ ऑगस्ट रोजीं एका भयंकर धबधबाटापुढें तिघांनीं ‘आतां पुढें नको’ म्हटलें व ते कडा चढून निघून गेले. पुढें जाणारे दोनच दिवसांत सुखरूप बाहेर पडले. ‘नको’ म्हणणारे तिघे मात्र वाटेंत मारले गेले. त्यांस कोणीं मारिलें याविषयीं अजून वाद आहे. तेव्हां ‘नको’ म्हणणाराच नेहमीं वांचतो असें नाहीं, हें मी कबूल करितों. परंतु पॉवेलची वागणूक पाहा. आदल्या रात्रीं तो वाळूवर येरझारा घालीत विचार करीत राहिला; सकाळीं त्यानें त्या तिघांस भित्रे म्हटलें नाहीं, बळजबरी केली नाहीं, बंदुका देऊन निरोप दिला. आमच्या मोटारीपाशीं आम्ही त्याच्या निम्म्यानेंही सभ्यपणा दाखविला नाहीं. शिवाय त्या नावाड्यांस मागें परतण्याची वाटच उरली नव्हती. सहलीस गेलेल्या मुलांस ती बहुधा असते.

कोणी म्हणेल, या परदेशच्या गोष्टी आम्हांस कशाला? भंडारदऱ्याजवळची सांदण दरी पाहिलेल्यांस हा प्रश्न पडणार नाहीं. तीही अशीच उंच भिंतींची चिंचोळी वाट आहे, आणि पावसाळ्यांत ती पाण्याचीच असते. लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत ३० जून २०२४ रोजीं एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलें होतीं. पाणी वाढत असतां तेथें उभ्या असलेल्या माणसांचें चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. मला तें पुरें पाहवलें नाहीं.

पालकांस माझी विनंति एवढीच आहे. मुलगा किंवा मुलगी सहलीस निघाली, म्हणजे कोठें जाणार, केव्हां येणार, पैसे किती, हें आपण विचारतों. त्याबरोबर, तुमच्यांत ‘नको’ कोण म्हणणार आहे, हेंही विचारावें. आणि मुलगा बेत अर्धा टाकून परत आला, तर ‘मग गेलास कशाला?’ असें त्यास हंसूं नये. एकदां हंसलें कीं पुढच्या वेळीं तो तोंड उघडीत नाहीं.

शेवटचे दोन दिवस आम्ही ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कांठावर काढले. मैलभर खोल ती दरी, आणि तींतून वर आलेल्या एका शिखरास क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञानें दिलेलें नांव ‘विष्णुमंदिर’! घरापासून इतक्या दूर तें नांव ऐकून आम्ही चौघेही क्षणभर स्तब्ध झालों. दुसऱ्या दिवशीं पहांटे खालीं उतरण्याचा बेत ‘हवामानशास्त्र्या’नेंच काढला. जितका वेळ उतरण्यास, त्याच्या दुप्पट चढण्यास, असा हिशेब त्यानें मांडला व परतण्याची वेळ ठरविली. दीड मैलावरील विसाव्याच्या जागीं त्यानें घड्याळ पाहिलें व उठला. खालची वाट फार सुंदर दिसत होती. कोणीं कांहीं बोललें नाहीं, आम्हीही उठलों.

स्पूकी घळई पाहावयाची राहिली ती राहिलीच. पुन्हां जाण्याचें घाटत आहे. महिना कोणता धरावा हें ठरविण्याचें काम एकमतानें त्याच्याकडे सोंपविलें आहे.