पटावरचे नाव आणि वर्गातला शिक्षक



आपल्या गावच्या शाळेत दोनच मास्तर का, असा प्रश्न तुम्ही करता आणि “वरून मंजुरीच तेवढी” या उत्तरावर मुकाट्याने घरी परतता. ही मंजुरी कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. तिला हिशेब आहे. हा हिशेब ज्या पालकाला येतो त्याला असे परत पाठविणे सोपे नसते. म्हणून तो येथे मांडीत आहोत.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या पटावर ६० पर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक, ६१ ते ९० असल्यास तीन, ९१ ते १२० असल्यास चार व १२१ ते २०० असल्यास पाच शिक्षक दिले पाहिजेत. पट १५० च्या वर गेल्यास मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गास निदान एक शिक्षक आणि दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. महाराष्ट्रात या पदनिश्चितीस संचमान्यता म्हणतात, आणि ३० सप्टेंबरची पटसंख्या हा तिचा पाया असतो.

आता विचार करा. साठ मुलांच्या शाळेत एकसष्टावे नाव दाखल झाले की तिसऱ्या शिक्षकाचा हक्क उत्पन्न होतो. ते नाव तुमच्या मुलीचे असेल आणि “पुढच्या वर्षी घालू” म्हणून तुम्ही तिला घरी ठेवले असेल, तर नुकसान तिच्या एकटीचे होत नाही. साऱ्या शाळेचा एक शिक्षक जातो.

परंतु दोष सारा पालकांचा, असे आम्ही म्हणणार नाही. तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर शोभते. प्रत्यक्षात साठ मुले पाच इयत्तांत विभागलेली असतात आणि दोघांपैकी एका शिक्षकाला तीन इयत्ता एकदम सांभाळाव्या लागतात. एका इयत्तेला तो शिकवितो तेव्हा उरलेल्या दोन इयत्ता पाटीवर रेघोट्या ओढीत बसतात. पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, शिक्षक गेला की पालकांचा विश्वास जातो आणि पट आणखी घटतो. ऐपतीचा मनुष्य आपले मूल तालुक्याच्या शाळेत धाडतो. मागे राहते ते शेतमजुराचे आणि ऊसतोड कामगाराचे मूल. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने राज्याने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा लहान शाळांच्या काळजीनेच विरोधाचा आवाज उठला. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: अनुसूचीतील संख्या ही किमान मर्यादा होय, काटकसरीच्या नावाखाली तिच्या खाली उतरण्याचा अधिकार कोणासही नसावा.

१९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे, हा त्या आकड्याचा बोध. ऊसतोडीचा हंगाम सप्टेंबरनंतर सुरू होतो. पटावर नाव राहते आणि मूल फडात जाते. हंगामी वसतिगृहाची मागणी करा, नातलगांकडे ठेवा, परंतु मुलाची शाळा मोडू नका.

यापुढे तुम्ही काय करावे? जूनमध्येच मुलांची नावे घाला. अलीकडे संचमान्यतेसाठी आधार नोंदींची पडताळणी होते; नाव व जन्मतारीख तपासून घ्या. आधार नाही म्हणून कोणी प्रवेश नाकारल्यास सांगा, की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचा करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. ती जागा मोकळी सोडू नका. सभेत जाऊन तीन प्रश्न विचारा: पट किती, मंजूर पदे किती, भरलेली किती? मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवू नयेत, असे हाच कायदा सांगतो.

उत्तर तोंडी मिळाले तर लेखी मागा. विहारात मुलाला शीलाचे वळण लागेल. अक्षराचे वळण लावणारा शिक्षक मात्र शाळेतच हवा, आणि तो हक्काने मागून घेण्याचे काम तुमचे आहे.