खोकी असोत वा प्रवासी, झोप तीच

14 ऑगस्ट 2013 रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास अमेरिकेतील बर्मिंगहॅम विमानतळाजवळ यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान उतरताना कोसळले. दोन्ही वैमानिक दगावले. चौकशीत उतरतानाच्या चुकांबरोबरच थकव्याचीही नोंद झाली.

पहाटे दोन ते सहा ही माणसाच्या सतर्कतेची ओहोटी. मेंदूतील जैविक घड्याळ तेव्हा शरीराचे तापमान उतरवते, रक्तात मेलाटोनिन असते, हात-डोळे मंदावतात. मालवाहू विमाने बहुधा याच वेळी उडतात. सकाळी पडदे ओढून वैमानिक आडवा होतो, तेव्हा तेच घड्याळ त्याला उठवू पाहते. झोप तुटक लागते. खंड ओलांडला की गुंता वाढतो, कारण हे घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकते. कॉफीने झोप लांबते, झोपेची उधारी फिटत नाही.

उपाय आहेत. नासाच्या अभ्यासात सुमारे 26 मिनिटांच्या डुलकीनेही वैमानिकांची सतर्कता सुधारली. पण सगळा भार वैमानिकावरच का? अमेरिकेने 2014 पासून प्रवासी वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम लागू केले आणि खर्चाचे कारण देत मालवाहू वैमानिकांना त्यातून वगळले. मागे माणसे बसली आहेत की खोकी, हे मेंदूला कळत नाही. म्हणून नियम दोघांना एकच हवा, आणि ‘आज मी थकलोय’ म्हणणाऱ्याला शिक्षेची भीती नको. झोप ही चैन नव्हे. विमानाच्या इंधनाइतकीच ती मोजून भरायला हवी.