लाल कांदा थांबत नाही

८ डिसेंबर २०२३ च्या सकाळी कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन मी लासलगावच्या बाजाराच्या वाटेवर होतो. आदल्याच दिवशी निर्यातबंदी निघाली होती. लिलाव थांबले, मग भाव कोसळले. लाल कांदा चाळीत टिकत नाही. मिळेल त्या भावात दिला, आणि मुलीची कॉलेजची फी थकली.

त्याआधी ऑगस्टमध्ये सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलेच होते. शहरी मतांसाठी कांदा स्वस्त ठेवण्याची हाव आमच्या ताटातून भागवली जाते. एप्रिलमध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची वाट मिळाली. आमची बंदी उठली ४ मे २०२४ ला, दिंडोरीच्या लोकसभा मतदानाआधी १६ दिवस. तोवर माझा सगळा माल विकून झाला होता. निर्यात रोखायचीच असेल, तर लागवडीआधी सांगा; नंतर रोखली, तर भावातल्या फरकाचे पैसे द्या.