काकांच्या संगणकातले अकरा मसुदे

आमचे धाकटे काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि २००९ साली त्यांनी चक्क ब्लॉग लिहायला घेतला. काका खानापूरकडचे, काकू धारवाडच्या. घरात बोलणे मराठीत आणि रागावणे कानडीत, हे चित्र आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे, तेव्हा त्याचे वर्णन करत बसत नाही. काकांच्या लिखाणातही काकूंची वाक्ये कानडीतच यायची, फक्त देवनागरीत लिहिलेली. टंकायला ते 'बरहा' वापरत. 'बरह' म्हणजे लिखाण, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १९९८ साली कानडीसाठी निघालेले ते सॉफ्टवेअर पुढे मराठीलाही कामी आले.

पहिला लेख काकांनी थेट ब्लॉगच्या पानावरच टंकला. दोन तास खपून लिहिला आणि शेवटच्या परिच्छेदाला वीज गेली. परत आली तेव्हा पान कोरे! रात्री मला फोन. "अरे, तुझ्या त्या इंटरनेटपेक्षा माझे कचेरीतले रजिस्टर बरे. वीज गेली म्हणून त्यातली शाई उडत नव्हती."

त्या रविवारी जाऊन मी त्यांच्या संगणकावर 'विंडोज लाइव्ह रायटर' बसवून दिले. मायक्रोसॉफ्टने २००६ साली चाचणीसाठी आणलेले हे सॉफ्टवेअर फुकट होते. कल्पना अगदी साधी. लेख आपल्याच संगणकावर लिहायचा, फोटो तिथेच बसवायचे, चार दिवस ठेवून पुन्हा वाचायचा. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही. लेख मनासारखा झाला की जोडणी सुरू करायची आणि एक बटण दाबायचे. मग ते सॉफ्टवेअरच आपले नाव आणि परवलीचा शब्द दाखवून मजकूर ब्लॉगसेवेकडे पोचवते. पोस्टमनच म्हणा ना. त्या काळी तासाच्या हिशेबाने नेट वापरणाऱ्यांना ही सोय किती मोलाची होती ते आठवून पाहा. ब्लॉगची रंगसंगतीही ते उतरवून घेई, त्यामुळे छापून आल्यावर लेख कसा दिसेल ते आधीच कळे. काकांना याचेच फार कौतुक. "प्रूफ घरीच बघायला मिळते," म्हणायचे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. हे सॉफ्टवेअर लिहिलेले सगळे आपल्या संगणकात 'माय वेब्लॉग पोस्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. त्यात दोन कप्पे, एक मसुद्यांचा आणि एक प्रसिद्ध झालेल्या लेखांचा. काका २०२१ साली गेले. ब्लॉगचा परवलीचा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. डायरीत दूधवाल्याचा हिशेब होता, विम्याचे क्रमांक होते, तो तेवढा नव्हता. ब्लॉग दिसत होता, पण एक अक्षर बदलता येत नव्हते. त्यात २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकली जाऊ शकतात. मग मात्र धाकट्या चुलतभावाने माळ्यावरचा तो जुना संगणक खाली उतरवला.

फोल्डर जागेवर होता. प्रसिद्ध लेख तर मिळालेच, पण मसुद्यांच्या कप्प्यात आणखी अकरा लेख निघाले. काकांनी लिहिलेले, कधीच न पाठवलेले.

दहा लेख साधे होते. अर्धवट राहिलेला प्रवास, शाळेतले मास्तर, काकूंच्या हातची खारब्याळी. अकरावा लेख काका आणि माझे वडील यांच्यातल्या वाटणीबद्दलचा. दोघे भाऊ सात वर्षे बोलत नव्हते, हे आम्हा मुलांना माहीत होते. का बोलत नव्हते ते माहीत नव्हते. काकांनी ते सगळे लिहिले होते, आणि दोष स्वतःकडे घेतला होता. मसुद्यावरची तारीख माझे वडील गेले त्यानंतरच्या आठवड्यातली.

चुलतभावाचे म्हणणे, लेख घरच्या सगळ्यांना पाठवू या. मलाही क्षणभर तसेच वाटले. काकूंना वाचून दाखवला. बराच वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या, मग म्हणाल्या, "बेड. इरलि बिडु. त्यांना पाठवायचा असता तर त्यांनीच बटण दाबले नसते का?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही.

आता थोडे व्यवहाराचे, कारण हे वाचून कुणी तरी विचारणारच. मूळ लाइव्ह रायटरचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये काढून घेतला. त्याआधी, डिसेंबर २०१५ मध्ये, तेच 'ओपन लाइव्ह रायटर' या नावाने सर्वांसाठी खुले झाले होते. ते आजही फुकट मिळते, मात्र गेली कित्येक वर्षे त्यात फारशी भर पडलेली नाही. सेवांनी प्रवेशाची पद्धत बदलली की असे जुने सॉफ्टवेअर दारातच अडते. वर्डप्रेसवर लिहिणाऱ्यांनी आधी चौकशी करावी, कारण बाहेरून मजकूर घेणारा जुना दरवाजा अनेकजण सुरक्षेसाठी बंद ठेवतात. मॅक वापरणाऱ्यांसाठी २००४ पासूनचे 'मार्सएडिट' आहे, पण ते विकत घ्यावे लागते.

आणखी एक खोच. लेख एकदा चढवल्यावर ब्लॉगवर जाऊन दुरुस्ती केलीत आणि महिन्याने संगणकातली जुनी प्रत पुन्हा पाठवलीत, तर दुरुस्ती पुसली जाते. माझी स्वतःची दोनदा पुसली गेली. दुरुस्ती एकाच ठिकाणी करायची. या मसुद्यांची फाइलही साध्या नोटपॅडमध्ये वाचता येत नाही, तेव्हा प्रत्येक लेखाची युनिकोडमधली साधी प्रत वेगळी ठेवावी. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत सगळे लेख एकत्र उतरवून घेण्याची सोय आहे, ती वर्षातून एकदा तरी वापरावी. २०१० साली मायक्रोसॉफ्टने आपली 'स्पेसेस' ही ब्लॉगसेवा बंद करत असल्याचे सांगितले तेव्हा लोकांना बिऱ्हाड हलवायला सहा महिने मिळाले होते. २०२५ मध्ये 'टाइपपॅड' बंद झाले तेव्हा जेमतेम महिना मिळाला.

काकांचे दहा लेख आम्ही छापून काढले, वही बांधून काकूंना दिली. खारब्याळीच्या लेखात त्यांना दोन चुका सापडल्या, त्या त्यांनी पेन्सिलीने कानडीत दुरुस्त केल्या. अकरावा पेनड्राइव्हवर आहे, आणि तो काकूंच्या कपाटात आहे.