नंदादीपाची पाळी

या सदराच्या वाचकांस ठाऊक आहेच कीं, प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर मुलांकडून 'राम'शब्द घोकून घेतलेला हा एक पेन्शनर मास्तर आहे. तरीहि या महिन्यांत विषय घेतला आहे तो दूरवर पोहोंचणाऱ्या बिनतारी इंटरनेटचा. कारण त्याची टोचणी मनाला बरेच दिवस लागून राहिली होती.

आमचें मूळ गांव कोंकणांत, डोंगराच्या कुशींत. २०१८ सालीं तेथील शाळेच्या छपरावर एका संस्थेनें लोखंडी खांब उभा करून त्यावर पांढरी छत्री बसविली. सुमारें दहा किलोमीटरांवरील तालुक्याच्या गांवाहून इंटरनेट वाऱ्यावरून येऊं लागलें. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, मीं भाषणहि केलें. दुसऱ्या पावसाळ्यांत तें बंद पडलें, तें बंदच राहिलें. पुढें २०२० च्या टाळेबंदींत शाळेचीं दारें मिटलीं, अभ्यास मोबाइलवर आला, आणि ज्या शाळेवर छत्री होती त्याच शाळेचीं मुलें रेंजसाठीं टेकडीवर जाऊन, डोक्यावर छत्र्या धरून, पावसांत बसूं लागलीं. गांवकरी म्हणत, "मास्तर, एवढ्या लांबून तें येणार कसें? मधें डोंगर, पाऊस हा असा!" मलाहि तें पटलें होतें. अंतराला दोष दिला म्हणजे माणसांना द्यावा लागत नाहीं.

गेल्या वर्षीं निवांतपणीं या विषयावर मिळेल तें वाचलें, तेव्हां कळलें कीं अंतर बिचारें निरपराध आहे.

आपल्या नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला. बिनतारी लहरी म्हणजे शब्द नव्हेत. त्या प्रकाशाच्या सख्ख्या बहिणी आहेत. प्रकाशाच्याच वेगानें, सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर, त्या धांवतात. या कामीं ज्या आंखूड लहरी नेहमीं वापरतात, त्या प्रकाशाप्रमाणेंच बहुतेक सरळ रेषेंत जातात. म्हणून पहिला अडथळा पृथ्वीच्या गोलाईचा. पंचवीस मीटर उंचीच्या खांबावरून सपाट मैदानांत त्या सुमारें वीस किलोमीटर जातात. अंतर दुप्पट हवें असेल तर उंची चौपट करावी लागते. दुसरा अडथळा झाडांचा. दोन छत्र्यांनीं एकमेकींस नुसतें पाहिलें म्हणजे भागत नाहीं. लहरींना ऐसपैस वाट लागते. सहा सेंटीमीटरांहून थोड्या आंखूड अशा लहरींना दहा किलोमीटरांच्या मध्यावर रेषेच्या सभोंवार सुमारें अकरा मीटर जागा मोकळी असावी लागते. तींत पावसानें भिजलेलीं पानें आलीं, तर तीं लहरी गिळून टाकतात.

हीं पथ्यें पाळलीं म्हणजे काय साधतें, तें दक्षिण अमेरिकेंतील व्हेनेझुएला देशांत दिसून आलें. तेथें प्राध्यापक एर्मानो पिएत्रोसेमोली यांनीं २००७ सालीं अँडीज पर्वताच्या एका शिखरावरून ३८२ किलोमीटर दूरच्या डोंगराशीं संधान बांधलें; आणि तेंहि आपल्या घरोघरीं असतें त्याच वायफायच्या जातीच्या यंत्रांनीं! आड आला तो यंत्राचा उतावळेपणा. घरगुती वायफाय एक पुडकें धाडतें आणि 'पोहोंचलें' असें उत्तर क्षणार्धाच्या आंत न आल्यास तें हरवलें असें समजून पुन्हां धाडतें. प्रश्न विचारून मुलाला तोंड उघडण्यास अवधि न देणाऱ्या मास्तरासारखेंच हें. अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं यावर तोड काढली: दोन्ही टोकांनीं आळीपाळीनें बोलावें, आणि पुष्कळ पुडक्यांची पोंच एकदम द्यावी.

याच संशोधकांची विद्या तामिळनाडूंत थेनी येथें अरविंद नेत्र रुग्णालयाच्या उपयोगी पडली. आसपासच्या गांवीं लहान दृष्टिकेंद्रें उघडलीं, आणि तेथील रोग्याला थेनीचे डॉक्टर पडद्यावरून पाहूं लागले. ज्या म्हातारीला मोतीबिंदु दाखविण्यासाठीं एक दिवसाची मजुरी व बसभाडें घालवावें लागे, तिचें काम गांवींच होऊं लागलें. या मंडळींनीं आपला अनुभव प्रांजळपणें लिहून ठेवला आहे. त्यांना खरा त्रास दिला तो खेड्यांतल्या विजेनें. तिचा दाब कधीं चढे, कधीं पडे. त्यांत यंत्रें जळत. आणि बिघाड कोठें आहे हें जागेवर कोणाला सांगतां येत नसे. म्हणून त्यांनीं विजेची सोय सुधारली आणि रुग्णालयाच्याच माणसांना दुरुस्ती शिकविली.

मीं हें घरीं वाचून दाखविलें, तेव्हां मंडळी वाती वळतां वळतां म्हणाल्या, "अहो, यांत नवल तें काय? नंदादीपाला तेल कोणीं घालायचें हें ठरलेलें असतें, म्हणून तो जळतो. 'सर्वांचा' म्हटला कीं विझलाच." चाळीस वर्षें शिकवून मला जें सुचलें नाहीं, तें त्यांनीं वात न थांबवितां सांगितलें.

आपल्या पालघर जिल्ह्यांत मुंबईच्या आयआयटीनें 'ग्राममार्ग' या नांवानें पंचवीस गांवीं बिनतारी इंटरनेट नेलें, त्या योजनेंतहि ग्रामपंचायतीला भागीदार धरलें आहे, तें मला याचसाठीं महत्त्वाचें वाटतें. जें आपलें असतें, त्याच्याकडे माणूस वर मान करून पाहतो तरी.

गेल्या मे महिन्यांत गांवीं गेलों आणि एका वायरमनला शाळेच्या छपरावर चढविलें. खांब शाबूत, छत्री शाबूत, तालुक्याच्या टोकाचें यंत्रहि चालू. छत्रीला वीज पुरविणारा मुठीएवढा डबा तेवढा जळालेला, आणि समोरच्या फणसाची एक फांदी वाटेंत वाढलेली. सारा खर्च माझ्या महिन्याच्या औषधांहून कमी आला. सायंकाळीं पडद्यावर चित्र उमटलें तेव्हां मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मला मात्र टेकडीवर भिजत बसलेलीं तीं पहिलीं मुलें आठवलीं. त्यांतलीं कांहीं शाळा सोडून गेलीं आहेत. उद्घाटनाच्या दिवशीं भाषणांत मीं विद्यादानाचा महिमा गायिला, पण 'हें सांभाळणार कोण?' एवढें विचारलें नाहीं. हा दोष मीं माझ्याकडे घेतों.

आपल्यापैकीं अनेकजण वाढदिवसाच्या किंवा श्राद्धाच्या निमित्तानें गांवच्या शाळेला देणगी देतात. यंत्र अवश्य द्यावें. परंतु त्याबरोबर दोन गोष्टी लिहून घ्याव्या: दुरुस्तीचा पैसा कोठून येईल, आणि किल्ली कोणाजवळ राहील. आमच्या शाळेच्या भिंतीवर आतां एक तक्ता लावला आहे. रोज डब्याचा दिवा पाहावयाचा, पावसाळ्यापूर्वीं फांदी छाटवून घ्यावयाची, आणि बिघाड झाला तर त्याच दिवशीं वहींत लिहून वायरमनला कळवावयाचें. या महिन्यांत पाळी आठवीच्या मुलींची आहे.