कोडिंग अंगणातसुद्धा शिकता येते

मोठी माणसे म्हणतात, "आपल्या घरी कॉम्प्युटर नाही, मग कोडिंग कसले शिकणार?" मला हे पटत नाही. कोडिंग म्हणजे यंत्राला कळतील अशा आज्ञा बरोबर क्रमाने लिहिणे. त्याला सुरुवातीला अंगण पुरते.

आम्ही घरी यंत्रमानवाचा खेळ खेळतो. अंगणात खडूने घरे आखायची आणि एका घरात तांब्या ठेवायचा. माझा धाकटा भाऊ यंत्रमानव होतो. मी आधी कागदावर लिहिते, "3 घरे पुढे. उजवीकडे वळ. 2 घरे पुढे. तांब्या उचल." त्याने लिहिले तस्सेच करायचे, स्वतःचे डोके चालवायचे नाही. (हे त्याला छान जमते, असं आजी म्हणते.) तो तुळशीकट्ट्यावर आपटला तर त्याला हसायचे नाही. कागदावरची कुठली ओळ चुकली ती शोधायची. याला डीबगिंग म्हणतात.

चौकोन काढायचा असेल तर "1 वीत रेघ ओढ, काटकोनात उजवीकडे वळ" एवढेच लिहायचे आणि पुढे "4 वेळा कर" म्हणायचे. 1967 साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. तिच्यातले कासव अशाच आज्ञांनी रेघा काढते.

मला सर्वांत आवडतो तो पानांचा खेळ. जुन्या लग्नपत्रिकेचे 5 तुकडे करा. त्यांवर 16, 8, 4, 2 आणि 1 असे ठिपके काढा. पान सुलटे म्हणजे 1, उलटे म्हणजे 0. माझे वय 10 आहे, म्हणून 8 चे आणि 2 चे पान सुलटे. झाले 01010! कॉम्प्युटर आकडे असेच ठेवतो. 5 पानांत 31 पर्यंत जाता येते. आजीसाठी 32 आणि 64 ची पाने नवीन करावी लागली.

स्क्रॅच नावाची भाषा 2007 साली आली. ती फुकट आहे, पण तिला कॉम्प्युटर नाहीतर टॅब लागतो. ती मागाहून शिकता येईल. त्यासाठी आतापासून पैसे भरून क्लास लावू नये, असे माझे मत आहे.

अजून एक सांगायचे आहे. कॉम्प्युटरचे काही निघाले की घरात दादाला हाक मारतात आणि मुलींना म्हणतात, "तू भांडी घास." हे बरोबर नाही. 1843 साली एडा लव्हलेस या बाईंनी यंत्राने गणित कसे करायचे ते पायरीपायरीने लिहिले. तोच जगातला पहिला प्रोग्राम, असे पुष्कळ जण मानतात. तेव्हा विजेवर चालणारा कॉम्प्युटरही नव्हता! म्हणून पालकांनो, रात्री जेवणानंतर अर्धा तास मुलींनाही खेळायला द्या. दादाने निम्मी भांडी घासली तर तेवढा वेळ सहज निघतो.

माझी 7 पाने वर्गाच्या खिडकीत ठेवली आहेत. शाळेत आलेल्या आईबाबांनी आपापले वय मांडून बघावे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी